गाळी

इराप्पा बडिगेरनं आयुष्यभर चौकटी केल्या,
पाळणे केले, देव्हारे केले,
आणि साठीनंतर माझ्या दुकानासाठी
ह्या काळ्या पेट्या.
पहिल्या दिवशी कानामागची पेन्सिल काढत विचारलं,
‘आत काय ठेवणार, तंगी?’
मी म्हटलं, काही नाही. हवा.
‘गाळी?’
हसला, आणि हसत हसतच मापं लिहून घेतली.

उद्यमबागेच्या मागच्या गल्लीत,
दिवसभर फाउंड्रीचा धडधडाट चालतो तिथं,
मी बारा इंची सबवूफर नुसता टेबलावर ठेवून
त्याला वाजवून दाखवला.
शंकू इतका हलत होता की कडा दिसेना,
आणि आवाज? टपरीवरच्या रेडिओएवढाही नाही.
शंकू पुढं येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते,
त्याच क्षणी मागची विरळ होते.
दाब वळसा घालून मागं पळतो, खड्डा भरतो.
पोट आणि पाठ एकमेकांना खाऊन मोकळे.
‘म्हणजे मध्ये भिंत पाहिजे की,’ इराप्पा म्हणाला.
ह्या जिल्ह्यात हे वाक्य
इतक्या सहज कुणी बोललेलं
मी ऐकलं नव्हतं.

पूर्ण बंद पेटीत हवा स्प्रिंग होते.
शंकू आत आला की ढकलते, बाहेर गेला की ओढते,
ठोका पडतो आणि तिथंच संपतो.
पण काकतीच्या मल्लगौडाला नेमका नको होता,
मोठा हवा होता.
म्हणून त्याच्या पेटीला भोक,
भोकात प्लंबिंगच्या दुकानातला चार इंची पाइप.
पाइपातली हवा म्हणजे वजन, पेटीतली म्हणजे गादी;
गोटी सोड्याच्या रिकाम्या बाटलीवर फुंकर मारली
की जे घुमतं, ते हेच.
मागची लाट आत अर्धा हेलकावा खोळंबते
आणि बाहेर पडते तेव्हा
पुढचीच्या पावलाला तिचं पाऊल.
पाइप दोन बोटं कापला की सूर चढतो.
कापलेला परत वाढत नाही, म्हणून इराप्पा
दर वेळी लांबच ठेवून आणायचा.

मग अगरबत्ती.
खालचा सूर लावून ती सांध्यांवरून फिरवायची,
धूर थरथरला तिथं गळती.
तो ओवाळल्यासारखी फिरवायचा,
दुसऱ्या हाताच्या बोटावर फेविकॉल तयार.

पस्तीस हर्ट्झची एक लाट दहा मीटर लांब.
बोलेरोत मावत नाही, दुकानातही नाही.
म्हणून काचा बंद केल्या की गाडीत लाट उरतच नाही,
सगळी हवा एकदम दाबली जाते, एकदम सुटते,
आणि बरगड्यांच्या आत कुणीतरी कूस बदलतं.
मल्लगौडाची नंबरप्लेट खडखडली. केए बावीस.
मागं फेल्टचा तुकडा लावला.
कोल्हापूरहून येणाऱ्या एमएच नऊवाल्यांनाही
त्याच ठाणातला.

आठ महिन्यांनी तो पेटी काढायला आला.
आईचं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा;
मागं व्हीलचेअरला जागा नाही.
मी स्क्रू सोडवले, वायरींची तोंडं टेपनं बांधली.
म्हातारी पुढच्या सीटवर बसून होती.
मला जवळ बोलावून हळूच म्हणाली,
‘वाजायचं तेव्हा पाठ शेकल्यासारखी व्हायची, बाई.’
मल्लगौडानं ऐकलं नाही.
किंवा ऐकलं, आणि गाडी चालू केली.

पेटी कोपऱ्यात आहे, शंकूसकट. गिऱ्हाईक आलं होतं,
मी किंमत जास्त सांगितली.
इराप्पा येतो तेव्हा तिच्याशेजारी स्टूल ओढतो,
चहा थंड होईस्तोवर
एका बोटानं शंकूवर टिचक्या मारतो
आणि दुसरा तळहात पाइपाच्या तोंडाशी धरून बसतो.
‘येती,’ म्हणतो.
‘अजून येती.’